घरातला भोंगा

माझी बायको शेवंता गेली त्याला वर्ष पुरं व्हायचं होतं, तेव्हा मी टॉकीजचा भोंगा घरी आणला. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. त्यांची चूक नव्हती. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या दोनच खोल्या, आणि बाहेरची खोली निम्मी त्या भोंग्यानं व्यापली.

भोंगा रुपचंदचा. तो माझा शाळेपासूनचा दोस्त. रावेर, मुक्ताईनगरकडच्या जत्रांतून तो तंबूची टॉकीज घेऊन फिरायचा. गावोगाव व्हिडिओ आले आणि तंबूत कुणी येईना. त्यानं पडदा विकला, खुर्च्या विकल्या, मशीन विकलं. भोंगा तेवढा राहिला. मांडववाल्यांना तो जड होत होता, आणि घरात असली वस्तू कोण नेणार? रावेरला त्याच्या चुलत्याच्या केळीच्या वखारीत तो पडून होता.

रुपचंदला शेवंताचं गाणं फार आवडायचं. ती गेली तेव्हा तो परगावी होता, त्याला येता आलं नाही. म्हणून एक दिवस मी तिची कॅसेट घेऊन त्याच्याकडे गेलो. शेवंता आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळात गायची. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरी बारसं असलं तर तिथं. मंडळानं सरावासाठी टेपरेकॉर्डर घेतला होता, त्यावर भरलेल्या तिच्या दोन कॅसेट माझ्याकडे होत्या. घरच्या टू-इन-वनवर त्या लावल्या की वाटायचं, ती डब्यात बसून गातेय आणि कुणी झाकण लावून टाकलंय.

रुपचंदनं कॅसेट ऐकली आणि म्हणाला, "असं नको ऐकू रे भाऊ. थांब."

त्यानं केळीच्या टोपल्या बाजूला सारल्या, जुना वॉल्व्हचा अँप्लिफायर काढला, तारा जोडल्या. खाली कपाटाएवढी लाकडी पेटी आणि तिच्यावर पत्र्याचा रुंद भोंगा, पत्रा झणझणू नये म्हणून बाहेरून डांबर फासलेला. मला वाटलं आता लग्नाच्या मांडवात कान फाटतात तसं होणार. पण त्यानं आवाज अगदी थोडा ठेवला. काचेचे वॉल्व्ह तापले, आणि शेवंता बोलली. गायच्या आधी ती कुणाला तरी म्हणाली होती, "सरक गं थोडी." ते ऐकून मी खरोखरच मागं वळून पाहिलं.

"भोंगा काय ओरडायसाठीच असते का?" रुपचंद म्हणाला. "विहिरीत उतरलेल्या माणसाले हाक मारताना तू तोंडाशी हात धरतो ना, तेच हाय हे. जोर लावत नाही. आवाज सांडू देत नाही, बस."

मी त्याच दिवशी ठरवलं, हा भोंगा मला पाहिजे.

केळी घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवर तो भुसावळला आला. दार अपुरं पडलं म्हणून चौकटीची एक बाजू सुताराकडून काढून घ्यावी लागली. घरात घेतल्यावर त्याच्या खोडी कळल्या. जवळ बसलं तर आवाज नाकातून आल्यासारखा टोचायचा, म्हणून मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचो. पंखा बंद ठेवावा लागायचा, नाहीतर पंख्याची घरघर वेगळी आणि अँप्लिफायरची वेगळी. कॅसेटची फसफसही मोठी होऊन यायची. भुसावळचं ऊन, त्यात डांबर तापलं की खोलीत नव्या रस्त्याचा वास. लाइट कमीजास्त झाली की गाणं रडवेलं व्हायचं.

शेजारचा वना खिडकीतून डोकवायचा. "काय आधारभाऊ, टॉकीज कवा चालू करता? पहिल्या रांगेचं तिकीट मले राखून ठेवजा."

"तुला फुकट," मी म्हणायचो. "पण पुढं बसला तर बहिरा होशील."

"मंग तं बायकोलेच पाठवतो."

ड्युटीवरून आलो की संध्याकाळी मी कॅसेट लावायचो. जास्त करून तिची अलीकडची, ज्यात ती एकटी गाते. शेवंताचा एक पाळणा होता, तिनं स्वतः रचलेला. त्यात ओळ होती, "ऊन उतरलं अंगणी, बाळा, सावली आली दारी." ही ओळ ती सरळ म्हणायची नाही. 'सावली आली' एवढं म्हणून थांबायची. मग हळूच 'दारी' म्हणायची. त्या थांबण्यावर लोक जीव टाकायचे. कार्यक्रमात अख्खा मांडव तिथं गप्प व्हायचा. आमचं रेल्वेचं गाव, त्यामुळे त्या थांबण्याला नावही पडलं होतं, शेवंताचा हाल्ट. इतर बाया ती ओळ म्हणायला गेल्या तर लोक म्हणायचे, "हाल्ट नाही घेतला, गाडी तशीच गेली."

भोंग्यावर त्या हाल्टमध्ये काय आहे ते मला ऐकू आलं.

पहिल्या दिवशी वाटलं कॅसेटच घासतेय. दुसऱ्या दिवशी नीट ऐकलं. तिथं ती श्वास घेत होती, आणि तो गाणाऱ्या बाईचा श्वास नव्हता. दोन बादल्या घेऊन जिना चढून आलेलं माणूस घेतं तसा होता. वरवर, घाईनं, एकात दुसरा अडकलेला. मग ती तो दाबून टाकायची आणि 'दारी' म्हणायची, इतकं गोड की कुणाला काही कळू नये.

मी रुपचंदला बोलावून आणलं. म्हटलं, "तुझ्या भोंग्यातच काही दोष असेल तर सांग."

त्यानं भोंग्याच्या बुडाचं, आवाज काढणारं युनिट उघडून पाहिलं, पुसलं, परत लावलं. रेडिओ लावला. बातम्या देणारी बाई नीट श्वास घेत होती. मंडळातल्या दुसऱ्या बाईची कॅसेट लावली, तिचाही श्वास नीट. परत शेवंताची लावली.

रुपचंदनं कॅसेट थांबवली. मग म्हणाला, "भोंगा आपल्या मनचं काही घालत नाही, आधार. कॅसेटमधी हाय तेच देते."

शेवंता हृदयाच्या झडपेनं गेली. शेवटी शेवटी डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. ताप जातो, पण जाताना हृदयाच्या झडपेवर बसून जातो. मग वर्षानुवर्षं ती झडप आक्रसत राहते. बाहेरून माणूस चांगलं दिसतं. तेव्हा ते मी नुसतं ऐकून घेतलं होतं. आता रोज संध्याकाळी ती आक्रसणारी झडप माझ्या बाहेरच्या खोलीत ऐकू येत होती. मला ते ऐकवत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं.

वर्ष झालं तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. धुळ्याहून माझी मुलगी मंदा आली, जावई चुडामण आला. मंदा आमची एकुलती एक, लग्नाला दोन वर्षं झालेली, पोटात सहावा महिना. चुडामण एसटीच्या ऑफिसात. पोरगा चांगला, पण आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. मंदाला स्टेशनवरून घरी आणलं तेव्हा ती रिक्षातून उतरून दारापर्यंत आली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली.

"हे काय नाना, दार तोडलं?" ती हसून म्हणाली. मग भोंगा पाहिला. "अगं बाई! हा तर हत्ती आहे."

भन्तेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली. दुपारी मंडळातल्या बाया मंदाभोवती जमल्या. म्हणाल्या, आईचा पाळणा म्हण. कुणीतरी टेपरेकॉर्डरचा माइक अँप्लिफायरला जोडा म्हणालं. वनानं जोडला. मंदा भिंतीला टेकून बसली, आणि तिच्या आईचा पाळणा भोंग्यातून यायला लागला. आवाज हुबेहूब शेवंताचा. 'सावली आली' म्हणाली आणि थांबली. मग 'दारी'.

बायांनी डोळ्यांना पदर लावले. "बाई बाई, शेवंताच उभी राह्यली वं," एकजण म्हणाली. "हाल्टसुदिक तोच."

मी उंबऱ्यावर माझ्या नेहमीच्या जागी होतो. त्या थांबण्यात तोच श्वास होता. वरवरचा, घाईचा, एकात दुसरा अडकलेला. खोलीत बसलेल्या बायांना तो ऐकू आला नाही, कारण त्या मंदाकडे पाहत होत्या. मी भोंग्याकडे पाहत होतो.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "दम लागतो का गं तुला?"

"लागतो की. सहावा महिना आहे नाना."

"ते गाताना थांबतेस तिथं..."

"ते आईचंच आहे," ती म्हणाली. "तिच्याजवळ बसून शिकलेय मी. सगळे म्हणतात ना, हुबेहूब." तिला त्याचा अभिमान होता. आई गेल्यावर तिच्याकडे आईचं तेवढंच उरलं होतं.

"एकदा न थांबता म्हण बरं."

"मग ते आईचं कसं राहील?" तिनं मान हलवली आणि विषय संपवला.

झोपताना तिनं दोन उशा मागितल्या. मी दिल्या. शेवंता शेवटच्या वर्षात तीन घ्यायची.

मी चुडामणला बाहेर नेलं आणि सांगितलं, हिला हृदयाच्या डॉक्टरला दाखवा. तो म्हणाला, "मामा, दर महिन्याला नर्सबाई तपासतात. वजन, रक्त, सगळं ठीक आहे." मी भोंग्याचं सांगितलं. त्यानं ते आदरानं ऐकून घेतलं. पण त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला माझीच काळजी वाटतेय.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण माहेरी आई नाही, म्हणून मंदाच्या सासूबाई आक्काबाई यांनी ते धुळ्यालाच करायचं ठरवलं होतं. माहेरच्या माणसाला त्यात बोलायला जागा नव्हती. तरी मी पाठोपाठ धुळ्याला गेलो. आक्काबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी बोललो ते सगळं त्यांनी निवडता निवडता ऐकलं.

"व्याही, पोटुशी बाईले दम लागसच," त्या म्हणाल्या. "मना चार पोरं व्हयनात. माले काय दम लागना नही?"

"तिच्या आईला जो होता..."

"तिनी माय गयी, मालेबी वाईट वाटस. पन भोंगा ऐकी ऐकी तुमना कानमा भोंगाच बठना शे. पोरनासमोर हाई काही काढू नका. पोटुशी बाईनं मन घाबरस."

मी परत आलो. माझं मलाच कळेना. मंदा खरंच आईची नक्कल करत असेल, श्वासासकट, तर? लेकी आईचं चालणं उचलतात, खोकणं उचलतात. मग मला ते तापाचं आठवलं. मंदा तेरा-चौदा वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले होते, ताप होता, महिनाभर शाळा बुडाली होती. बरी झाली आणि आम्ही ते विसरून गेलो होतो.

त्या दिवशी मी दुसरी कॅसेट काढली, जुनी. शेवंताच्या गळ्याच्या हिशेबानं ती कॅसेट वाईट भरलेली होती. मंदा तेव्हा बारा वर्षांची, त्या तापाच्या आधीची, आईशेजारी बसून तिच्याबरोबर गाते. टू-इन-वनवर ते दोन आवाज एकमेकांत कालवल्यासारखे व्हायचे, म्हणून ती मी कधी फारशी लावली नाही. भोंग्यावर लावली तर दोघी वेगळ्या झाल्या. शेवंता मागं बसल्यासारखी, पोरगी जरा पुढं. ती ओळ आली. शेवंता 'सावली आली' म्हणून थांबली. पोरगी थांबली नाही. ती एका दमात 'सावली आली दारी' म्हणून मोकळी झाली, आणि मग आईचं 'दारी' मागून येईपर्यंत गप्प राहिली. प्रत्येक वेळी तसंच. कुठं अडकणं नाही, ओढणं नाही. दम इतका, की ओळ संपल्यावरही स्वर तसाच लांबत होता.

मी कॅसेट आणि टू-इन-वन घेऊन परत धुळ्याला जायला निघालो. मग थांबलो. टू-इन-वनवर त्यांना काय ऐकू येणार? गोळाच ऐकू येणार. मंदाला इकडं आणावं तर आक्काबाई म्हणाल्या असत्या, सातव्यात प्रवास नको. मी रावेरला निरोप धाडला. रुपचंद आला, त्यानं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "टेम्पो पाह्यचा का?"

भोंगा उभा मावेना म्हणून टेम्पोत आडवा टाकला, खाली गोधड्या. जळगाव, एरंडोल, पारोळा करत सकाळी निघालेले आम्ही दुपारी धुळ्याला पोचलो. रस्ताभर खड्डा आला की रुपचंद अँप्लिफायर मांडीवर उचलून धरायचा. वॉल्व्ह काचेचे.

गल्लीत टेम्पो शिरला तशी पोरं मागं धावली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनं लगीन शे हो?"

आक्काबाई दारात आल्या. भोंगा पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "व्याही, हाई काय वरात लई उनात? बठ्ठी गल्ली गोया करी टाकी." सगळी गल्ली खरंच गोळा झाली होती.

"एकदा ऐका," मी म्हटलं. "मग मी परत नेतो आणि पुन्हा बोलत नाही."

"घरमा जावाव नही तो."

"अंगणातच लावतो."

चुडामण जेवायला घरी आलेला होता. त्याला लाज वाटत होती ते दिसत होतं, पण त्यानं वायर आणून दिली. रुपचंदनं भोंगा भिंतीकडं तोंड करून नीट बसवला, मग परत फिरवला, मग सगळ्यांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसायला सांगितलं. मंदा खुर्चीवर बसली. पंधरवड्यात तिचा चेहरा उतरला होता. ओठांना निळसर झाक होती, ती मला तिथं उन्हात दिसली.

कॅसेट लागली. पोरं गप्प झाली. शेवंता गायला लागली आणि तिच्या पुढून ती बारा वर्षांची पोर.

मंदा हसायला लागली. "ही मी? अगं बाई, केवढी घाई!"

ओळ आली. शेवंता थांबली, पोरगी तशीच पुढं गेली. चुडामणनं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं मला काय दाखवायचंय. पण तो हुशार आहे. म्हणाला, "मामा, तेव्हा लहान होती. थांबायचं नंतर शिकली असेल."

ते खरंही असू शकत होतं. एवढा भोंगा एवढ्या लांब आणून मी जे आणलं होतं ते एका वाक्यात निकालात निघालं. रुपचंद खाली बघत होता. आक्काबाई उठायला लागल्या.

तेवढ्यात मंदाच म्हणाली, "थांबा, परत लावा. मी म्हणते हिच्याबरोबर. बघू कोण पुढं जातं." तिला तो खेळ वाटला. आपल्याच लहानपणीच्या आवाजाबरोबर गायचं, कुणाला आवडणार नाही?

रुपचंदनं कॅसेट मागं घेतली. पाळणा सुरू झाला. आता अंगणात तिघी गात होत्या. भोंग्यातल्या दोघी आणि खुर्चीतली एक. मंदा पोरीच्या आवाजाबरोबर चालली होती, मान डोलवत. "ऊन उतरलं अंगणी, बाळा..." ओळ जवळ आली तशी तिनं हात वर करून आम्हाला खूण केली की आता बघा. "सावली आली..."

पोरगी 'दारी' म्हणून पुढं गेली. मंदाचं तोंड उघडं होतं, ती म्हणत होती, पण आवाज निघत नव्हता. तिनं परत जोर केला. गळ्याच्या शिरा फुगल्या. खांदे वर गेले. भोंग्यातून शेवंताचा तो अडकलेला श्वास आला आणि त्याच क्षणी खुर्चीतून तसाच श्वास आला. दोन्ही एकसारखे. एक बाई गेल्या वर्षी गेलेली, आणि एक आमच्यासमोर.

मग शेवंता 'दारी' म्हणाली. मंदा म्हणू शकली नाही.

तिचा हात अजून वरच होता. तो तिनं हळूहळू खाली घेतला आणि छातीवर ठेवला. तिनं माझ्याकडं पाहिलं. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "नाना," ती म्हणाली, "मी थांबत नव्हते. मी... म्हणत होते."

रुपचंदनं कॅसेट बंद केली. गल्लीतली पोरं एकमेकांकडं बघत होती.

आक्काबाई सगळ्यांच्या आधी हलल्या. "चुडामण, रिक्षा लई ये," त्या म्हणाल्या. तो जागचा हलला नाही. तशा त्या ओरडल्या, "उभा काय राहिना? लई ये!"

धुळ्यातल्या एका वयस्क डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, डाव्या कुशीवर वळवून परत लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं, हाही माणूस माझ्यासारखाच उंबऱ्यावर बसलाय.

मग त्यांनी आम्हाला बाहेर बोलावलं. झडप अरुंद आहे, ते म्हणाले. पोटात मूल वाढतं तसं रक्त वाढतं. ते एवढ्याशा फटीतून पुढं जात नाही, मागं साचतं, फुप्फुसात पाणी उतरतं. सुरुवात झालेली आहे. "आणखी काही दिवस घरी राहिली असती तर एखाद्या दिवशी झोपेतून उठून बसली असती, आणि पुढं तुम्हाला काही करता आलं नसतं."

चुडामणनं भिंतीला हात लावला.

"पण आता आणलंत म्हणजे वाचली, असं समजू नका," डॉक्टर म्हणाले. "झोपवून ठेवू, औषधं देऊ. खरी भीती बाळंतपणाची आणि त्यानंतरच्या एका दिवसाची. तेव्हा सगळं रक्त एकदम हृदयाकडं येतं."

तिला दवाखान्यात ठेवलं. मी रजा टाकली. पुढचे दिवस फार हळू गेले. मंदाला आडवं झोपता येत नव्हतं, ती उशांना टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची. बोलायची कमी. एकदा म्हणाली, "नाना, आईला असंच व्हायचं का?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची सोय उरली नव्हती. ती म्हणाली, "मग ती गायची कशी?" ते मला माहीत नव्हतं.

आक्काबाई सकाळपासून तिथं असायच्या. माझ्याशी फार बोलायच्या नाहीत. खोलीत गेल्या की आधी मंदाच्या तोंडाकडं झुकायच्या आणि कान लावायच्या. पूर्वी त्या सुनेच्या हातात काम दिसतंय का ते बघायच्या.

नववा लागायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दुपारची वेळ. आम्ही बाहेर बाकावर, चुडामण येरझाऱ्या घालत होता. दाराआड माणसांची धावपळ ऐकू येत होती. कुणीतरी ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत नेलं, त्याची चाकं फरशीवर करकरली. मग बाळाचं रडणं आलं, बारीक. चुडामण थांबला. आम्ही दाराकडं बघत राहिलो. दार उघडलं नाही. आतून डॉक्टरांचा आवाज आला, कुणाला तरी लवकर कर म्हणत होते. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. आम्ही तिघंही त्या दाराला कान लावून होतो आणि काहीच येत नव्हतं.

नर्स बाळ घेऊन आली. मुलगी होती, मुठीएवढी. ती आक्काबाईंपुढं धरली.

आक्काबाईंनी हात पुढं केले नाहीत. "पोरनी माय कशी शे?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर आहेत आत."

"ते माले माहीत शे. माय कशी शे?"

नर्स बाळ घेऊन तशीच आत गेली. मग कितीतरी वेळानं डॉक्टर आले, घामानं सदरा भिजलेला. "आहे," ते म्हणाले. "उद्यापर्यंत काही विचारू नका."

आम्ही विचारलं नाही. तो दिवस तसाच बाकावर गेला आणि दुसरा उजाडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला आत सोडलं. मंदा बसती होती. ओठांची निळी झाक थोडी उतरली होती. तिला बाळ दाखवलं, तर तिला हात उचलवेना. आक्काबाईंनी बाळ तिच्या गालाशी धरलं आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.

डॉक्टर पुढचं सांगायला लागले. झडप आहे तशीच आहे. बाळाचं अंगावरचं दूध सुटलं की मंदाला मुंबईला नेऊन ती मोकळी करावी लागेल, आणि ते ऑपरेशनही साधं नाही. तोवर जपायचं. जिना चढायचा नाही. धुणं नाही. पाण्याची बादली उचलायची नाही. दुसरं मूल तर...

"पानी मी भरसू, साहेब," आक्काबाई न वळता म्हणाल्या. "पुढलं सांगा."